अनुभव हवा, पण कशाचा?

तुर्भे स्थानकाच्या पश्चिमेला घाऊक बाजार आहे. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की एमआयडीसी लागते. भाजीच्या मार्केटात पहाटे गाड्या खाली होत असतात, तेव्हा पलीकडच्या रासायनिक कारखान्यांत तिसरी पाळी संपायला अजून अवकाश असतो. हे दोन्ही रात्रीचे धंदे इथे जुने. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी आणि फळं मुंबईतून खाडीपलीकडे आणली गेली ती १९८० आणि १९९०च्या दशकांत. कारखाने त्याही आधीचे, एमआयडीसीने ठाणे खाडीच्या पूर्वेची जमीन घेतली तेव्हापासूनचे. अलीकडे त्यांच्या जोडीला तिसरी रात्रपाळी आली आहे. तुर्भ्याच्या उत्तरेला महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली येतात, बँकांची मुख्यालयं जवळ आहेत, उद्योगांसाठी टाकलेली वीज तयार आहे आणि जुन्या कारखान्यांची जमीनही आहे, म्हणून ती इथे आली. त्यांच्या आसपासच्या इमारतींत तरुण मुलंमुली पडद्यासमोर बसून दुसऱ्यांच्या संगणकांवर रात्रभर नजर ठेवतात. खोलीला म्हणतात ‘सॉक’, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. पहिल्या पायरीवरच्या माणसाचा हुद्दा ‘एल-वन अ‍ॅनालिस्ट’.

ही पायरी चढायची कशी, हा प्रश्न आज तुर्भे-कोपरखैरणे-घणसोलीतल्या कितीतरी घरांत आहे. बाप माथाडी, गाळ्यावर मेहताजी किंवा प्लांटमध्ये ऑपरेटर. मुलगी किंवा मुलगा बीएस्सी आयटी झालेला. मुंबई विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ‘सिक्युरिटी इन कम्प्युटिंग’ हा विषय शिकवला जातो. परीक्षेत बरे गुण मिळतात. मग नोकरीच्या जाहिराती उघडायच्या, तर तिथे वेगळीच तऱ्हा. वर लिहिलेलं असतं ‘एन्ट्री लेव्हल’ आणि खाली ‘दोन ते तीन वर्षांचा अनुभव आवश्यक, सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य’. सीआयएसएसपी या प्रमाणपत्राची अटच मुळात पाच वर्षांच्या पगारी अनुभवाची आहे. पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. अनुभवाविना नुसती परीक्षा पास झालेल्याला ‘असोसिएट’ म्हणून थांबवून ठेवतात. म्हणजे नवशिक्याकडे कंपनी जे मागते ते देणारी संस्थाच नवशिक्याला ते देत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याने हे वाचलेलं नसतं. मागच्या जाहिरातीची नक्कल पुढच्या जाहिरातीत उतरते आणि सुपारीच्या बागेत लावलेल्या वेलीसारखी वर्षानुवर्षं चढत राहते.

माझं मत असं की इथे दोन्ही बाजू चुकीची गोष्ट मोजताहेत. सुरक्षा हा सुटा धंदा नाही. ज्याची राखण करायची ती वस्तू आधी ठाऊक असावी लागते. ती वस्तू कशी चालते, कुठे अडते, कोण तिला कंटाळून आडवाटेने वापरतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्याकडे निम्मा अनुभव आलेला असतो, मग त्याच्या बायोडेटात ‘सिक्युरिटी’ हा शब्द नसला तरी. आणि हा निम्मा अनुभव तुर्भ्यात रग्गड आहे.

महाराष्ट्रातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण पुण्याचं आहे. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचे. तुर्भ्याच्या बाजारात ओझी उचलणाऱ्या कितीतरी माथाड्यांचं गावही त्याच जिल्ह्यात. काटकरांनी दहावीनंतर शिक्षण सोडलं आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. पगार महिन्याला चारशे रुपयांच्या घरात. नव्वदच्या सुमारास मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान टाकलं. कॅल्क्युलेटरवरून बँकांची लेजर पोस्टिंग यंत्रं, तिथून संगणक. दुरुस्तीला येणारे संगणक पुन्हापुन्हा तेच दुखणं घेऊन येत: फ्लॉपीतून शिरलेला व्हायरस. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहायला घेतला. त्या सुट्या उताऱ्यांचं नव्वदच्या दशकाच्या मध्याला एक उत्पादन झालं, ‘क्विक हील’. २००७मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

ही कहाणी सहसा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुण्यात कुठल्या कार्यालयातलं कुठलं यंत्र कशाने बंद पडतं हे त्या दुकानाला ठाऊक होतं. सुरक्षेचा अनुभव शून्य, दुरुस्तीचा भरपूर. व्हायरस आला तो दुरुस्तीच्याच दारातून.

आजच्या सॉकमध्येही हेच कसं लागू पडतं ते एका रात्रीवरून बघू. समजा, अडीच वाजलेत. पडद्यावर अलर्ट येतो: एका खात्याने सर्व्हरवर लॉगिन करण्याचे तीनशे फसलेले प्रयत्न केले. विंडोजच्या नोंदींत फसलेल्या लॉगिनचा क्रमांक ४६२५ आणि यशस्वी लॉगिनचा ४६२४. हे दोन आकडे एल-वनवाल्याला झोपेतही पाठ असतात. कोणीतरी पासवर्ड चोरायला बसलं आहे, असं पहिल्या नजरेला वाटतं. नवखा माणूस घाबरून टिकीट वर ढकलतो, एल-टूवाल्याला उठवतो. मुरलेला माणूस आधी त्याच नोंदीत ‘लॉगऑन टाइप’ बघतो. ३ असेल तर नेटवर्कवरून, १० असेल तर रिमोट डेस्कटॉपवरून, ४ असेल तर बॅच, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम. इथे ४ आहे. मग तो बघतो, प्रयत्न नेमके पाच-पाच मिनिटांच्या अंतराने होताहेत का? होताहेत. खातं माणसाचं आहे की सर्व्हिसचं? सर्व्हिसचं. या खात्याचा पासवर्ड हल्ली कोणी बदलला का? शुक्रवारी संध्याकाळी बदलला. झालं. पासवर्ड बदलला आणि बॅकअपच्या शेड्यूलमध्ये जुनाच राहिला. चोर वगैरे कोणी नाही, आपलाच विसराळूपणा. टिकीटात कारण लिहायचं, सर्व्हर टीमला कळवायचं, पुढचा अलर्ट घ्यायचा.

हे उत्तर कुठल्या कोर्सात मिळालं? कदाचित मिळालंही असेल. पण ज्याने दोन वर्षं एखाद्या कंपनीत डेस्कटॉप सपोर्ट केला, शुक्रवारी संध्याकाळी बदललेल्या पासवर्डने सोमवारी सकाळी होणारा गोंधळ ज्याने स्वतः निस्तरला, त्याला ते न शिकवता सुचतं. एल-वनच्या रात्रीतले बहुतांश अलर्ट असेच खोटे निघतात. कौशल्य लागतं ते खोट्यांच्या ढिगात कंटाळा न करता खरा ओळखण्यात. त्याच खात्यावर तीनशे ४६२५ नंतर एक ४६२४ आला, टाइप १० आला, परदेशी पत्त्यावरून आला आणि मागोमाग सुरक्षेच्या नोंदीच पुसल्याची खूण, क्रमांक ११०२, दिसली. तर मग एल-टूच काय, साहेबालाही उठवायचं. घरी आई विचारते, ‘रात्रभर नुसतं बघत बसायचे पैसे देतात होय रे?’ तिला काय सांगणार!

या नोकऱ्या अशा एकाएकी कुठून उगवल्या, त्यामागे काही घटना आहेत आणि काही कायदे. पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ला हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी बनावट मंजुऱ्या द्यायला सुरुवात केली. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, देशातल्या एटीएममधून अडीच कोटी, आणि सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पहिला घाला शनिवारचा होता हे लक्षात घ्या. नजर ठेवणारा माणूस शनिवार-रविवारी आणि रात्रीही लागतो, हे सहकारी बँकांना त्या तीन दिवसांत जितकं कळलं तितकं आधीच्या दहा परिसंवादांत कळलं नसेल. मोठ्या व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेने जून २०१६मध्येच सॉकचं बंधन घातलं होतं. नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूळ चौकट आली ती १९ ऑक्टोबर २०१८ला, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. पुढे २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने हुकूम काढला: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवा. सहा तासांत कळवायचं तर रात्री जागं कोणीतरी हवं. एल-वनच्या खुर्च्या या अशा वाढत गेल्या. मुलींसाठीही ही पाळी खुली आहे. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम करायला तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. मुलाखतीत कॅबबद्दल विचारायला लाजू नये.

कॉसमॉसची आणखी एक बाजू या लेखाच्या विषयाला जास्त चिकटून आहे. देशातल्या एटीएमवर बनावट कार्डं घेऊन उभी राहिलेली माणसं कोणी संगणकतज्ज्ञ नव्हती. कोल्हापूरसह ठिकठिकाणी नोटा काढायला लावलेले ते हरकामे होते. २०२३च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. अनुभव नसलेल्या तरुणाला सायबर क्षेत्रातलं पहिलं ‘काम’ देऊ करणारी ही दुसरी बाजूही असते, आणि ती दोन वर्षांचा अनुभव मागत नाही. तुझं बँक खातं आठवडाभर वापरायला दे, टक्केवारी घे. थायलंडला डेटा एन्ट्रीची नोकरी आहे, तिकीट आम्ही काढतो. मग त्या विमानप्रवासाचं पुढचं टोक म्यानमारच्या सीमेवरच्या कुंपणात निघतं. तिथून २०२५मध्ये महाराष्ट्र सायबरने भारतीय तरुणांची सुटका केली. या महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय तुर्भ्याशेजारच्या महापे इथेच आहे आणि तक्रारीचे क्रमांक १९४५ व १९३० हे आहेत.

उत्साही मुलांना याच जागी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सराव म्हणून कॉलेजच्या, सोसायटीच्या किंवा कुठल्याही कंपनीच्या संगणकात परवानगीशिवाय डोकावणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६खाली गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी फक्त चूक दाखवून देत होतो’ हा बचाव पोलीस ठाण्यात ऐकायला फार कोणी बसलेलं नसतं. ज्या कंपन्यांनी चुका शोधायचं जाहीर निमंत्रण दिलं आहे, तिथेच आणि त्यांनी आखलेल्या हद्दीतच हात घालावा.

आता तुर्भ्याच्या पूर्वेकडे वळू, कारण माझ्या मते खरी संधी तिथे आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बँक असते. पण एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात व्हॉल्व्ह, पंप, तापमान, दाब हे सगळं पीएलसी आणि डीसीएस या नियंत्रण-यंत्रणा चालवतात. पूर्वी ही यंत्रणा प्लांटच्या भिंतीआड एकटी असे. मग साहेबांना मोबाइलवर उत्पादनाचे आकडे हवे झाले, परदेशी पुरवठादाराला घरबसल्या दुरुस्ती करायची झाली आणि भिंतीला भोकं पडली. या यंत्रांची आपसातली एक सर्वांत रुळलेली बोली म्हणजे मॉडबस. ती १९७९ची. तिच्यात ‘तू कोण’ असं विचारण्याची सोयच नाही. जो हुकूम देईल त्याचा हुकूम मानला जातो. इराणची नतान्झची सेंट्रिफ्यूज बिघडवणारं स्टक्सनेट हे मालवेअर २०१०मध्ये उघडकीला आलं. २०१७मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात हल्लेखोर थेट सुरक्षा-यंत्रणेत शिरले, म्हणजे स्फोट टाळण्यासाठी प्लांट आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेत. तुर्भ्यातल्या माणसाला ‘सेफ्टी इंटरलॉक’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या घरापासून प्लांट दिसतो.

आपल्याकडे काही झालंच नाही, असंही म्हणता येत नाही. २७ जून २०१७ला नॉटपेट्या हे मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलं आणि मर्स्क या जहाज कंपनीसारख्यांच्या जाळ्यांतून जगभर पसरलं. आपल्या न्हावाशेव्यातलं मर्स्कचं टर्मिनल त्यात ठप्प झालं. कंटेनर हलेनात, ट्रक अडकून पडले. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. २०२२च्या फेब्रुवारीत त्याच बंदरातल्या दुसऱ्या टर्मिनलवर रॅन्समवेअर आलं. मधे १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. त्यामागे परकी मालवेअर असल्याचा संशय तेव्हाच्या राज्याच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२१मध्ये मांडला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. वाद तसाच राहिला. मात्र ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

कारखान्यातली सुरक्षा बँकेतल्यासारखी करायला गेलं तर अनर्थ होतो, आणि इथेच बाहेरचा ‘सायबर एक्स्पर्ट’ तोंडघशी पडतो. बँकेच्या संगणकांवर स्कॅनर फिरवला तर फार तर कोणी तक्रार करेल. चालू प्लांटच्या जुन्या पीएलसीवर तोच स्कॅनर फिरवला तर ती गोठू शकते आणि बॅच वाया जाते, किंवा त्याहून वाईट. पॅच आला म्हणून लगेच टाकता येत नाही, शटडाऊनची वाट बघावी लागते. कुठलं यंत्र थांबलं तर चालतं आणि कुठलं क्षणभरही थांबू नये, हे इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून चार वर्षं लूप तपासलेल्या तंत्रज्ञाला माहीत असतं. त्याला नेटवर्किंग शिकवायला सहा महिने पुरतात. नेटवर्कवाल्याला प्लांट शिकवायला सहा महिने पुरत नाहीत. आयईसी ६२४४३ ही या कामाची आंतरराष्ट्रीय मानक-मालिका. तिचं नावही आपल्या आयटीआय-पॉलिटेक्निकच्या वर्गांत क्वचितच निघतं.

बाजाराच्या बाजूलाही असंच एक आडदार आहे. गाळ्यावर चार वर्षं बिलं, जीएसटी, आवक-जावक सांभाळलेल्या मुलीला कुठल्या व्यवहारात कोणाची सही लागते आणि ती चुकवायची तर कुठे चुकवतात हे कळतं. ऑडिट आणि नियमपालनाच्या कामाला हीच नजर लागते. आयएसओ २७००१चं ऑडिट म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ ‘दाखवा, नोंद कुठे आहे?’ असं शांतपणे विचारत राहणं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर या कामाला माणसं आणखी लागणार. प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून ज्यांनी हे क्षेत्र मनातून काढून टाकलं, त्यांनी इकडे जरूर बघावं.

शिकायचं कुठे? इथे मी आखडता हात घेतो, कारण या प्रश्नावर पोट भरणाऱ्यांची संख्या फार आहे. रेल्वेच्या डब्यात चिकटवलेली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पत्रकं वाचावीत आणि विसरावीत. लाखभर रुपये घेणाऱ्या क्लासने गेल्या बॅचमधली मुलं कुठे लागली ते दाखवलं नाही, तर जिना उतरावा. फुकटचं आणि चांगलं बरंच आहे. लिनक्ससाठी ओव्हरद वायरचा ‘बॅन्डिट’, वेबसाठी पोर्टस्विगरची अकादमी, नोंदी वाचायच्या सरावासाठी घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसवलेला वाझू. आठ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप सुरुवातीला चालतो, सोळा असेल तर बरं. सीआयएसएसपी देणाऱ्या आयएससी-टू या संस्थेने २०२२मध्ये ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ ही अनुभवाची अट नसलेली परीक्षा आणली आणि दहा लाख लोकांना ती मोफत देण्याची घोषणा केली. उत्तीर्ण झाल्यावर वर्षाला ५० डॉलर भरावे लागतात, हे क्लासवाले सांगत नाहीत. सी-डॅकची सहा महिन्यांची पूर्णवेळ पदविका आहे, प्रवेश परीक्षेतून. कुठल्या केंद्रावर चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. ‘नल’ या खुल्या गटाच्या सभा मुंबई-पुण्यात भरतात, त्यांना पैसे पडत नाहीत. तिथे मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकलं तरी धंद्याची भाषा कानावर पडते.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा दोन पानं जास्त उपयोगी पडतात. स्वतःच्या छोट्या प्रयोगशाळेत तुम्ही काय मोडलं, नोंदींत ते कसं दिसलं आणि कसं पकडलं, हे त्यावर साध्या शब्दांत लिहिलेलं असावं. एल-वनचं अर्धं काम टिकीट लिहिण्याचं आहे. पहाटे चारला लिहिलेलं टिकीट सकाळी नऊला आलेल्या माणसाला एका वाचनात कळायला हवं. आणि पहिल्या दोन वर्षांत रात्रपाळी टळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

उरलेलं सांगणं कारखानदारांना आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ज्या कारखान्यांना पाच वर्षांचा तयार माणूस मिळत नाही, त्यांनी आपल्याच इन्स्ट्रुमेंट विभागातला एक डिप्लोमावाला आणि आयटी विभागातला एक सपोर्टवाला उचलावा, दोघांना सहा महिने एका टेबलाशी बसवावं आणि प्लांटमधल्या नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची यादी करायला सांगावी. ती यादी बहुतेकांकडे नाही. पहिलं काम तेच आहे.